उतरत्या आचेवरचा संत्रा-पाव

आमच्या घरात सकाळ ही आवाज न करण्याची वेळ होती. मंठ्याच्या स्टँडमागच्या गल्लीत अब्बांची बेकरी होती आणि बेकरीच्या पाठीला पाठ लावून आमचं दोन खोल्यांचं घर. रात्रभर अब्बा भट्टीपुढं असायचे. पहाटे पाव निघायचा, सायकलवाले तो टोपल्यांत भरून घेऊन जायचे आणि उजाडता उजाडता अब्बा लुंगीवरचं पीठ झटकत घरात यायचे. चहात पाव बुडवून उभ्या उभ्याच खायचे आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचे. त्यानंतर आम्ही दोघी बहिणी, मी आणि शमीम आपा, कुजबुजत वेण्या घालायचो, कुजबुजत भांडायचो आणि शाळेला निघालो की दाराची कडी बोटानं धरून अलगद सोडायचो. अम्मी पातेली ठेवताना खाली फडकं घालायची. गल्लीच्या तोंडाशी फळांची गाडी लावणारी गंगूमावशी दिवसभर घसा फोडून ओरडायची, पण आमच्या दारावरून जाताना तीही खालच्या आवाजात बोलायची. शाळेत बाई म्हणायच्या, जरा मोठ्यानं वाच. मला मोठ्यानं वाचताच यायचं नाही. पुढं मीही बाई झाले, आयुष्यभर मराठी शिकवलं, आणि मागच्या बाकावरची मुलं तक्रार करायची की बाईंचा आवाज ऐकू येत नाही.

घरात बोलणं दखनीत व्हायचं, गल्लीत मराठीत आणि रागावल्यावर दोन्हीत. पण इतकी वर्षं फळ्यावर मराठी लिहून लिहून आता अब्बांचं नि अम्मीचं बोलणंही मला मराठीतच आठवतं, म्हणून इथं तसंच लिहिते आहे. ते दोघं हे वाचायला नाहीत, नाहीतर अम्मी म्हणाली असती की मी असं कधी बोलले नव्हते.

त्या घरातली मला सर्वांत जास्त आठवणारी गोष्ट म्हणजे थकवा. दारिद्र्य म्हणावं असं काही नव्हतं. पाव विकला जायचा, दोन्ही वेळेला चूल पेटायची, ईदला नवे कपडे व्हायचे. पण झोप मात्र आमच्याकडं कायम कमी पडायची. अब्बांना दिवसा नीट झोप लागायची नाही आणि रात्री घ्यायला मिळायची नाही. अम्मी रात्री दोन-तीनदा उठून त्यांना चहा नेऊन द्यायची आणि दिवसा ते झोपलेत म्हणून स्वतः पाठ टेकायची नाही. ती भाकरी थापता थापता डोळे मिटायची. हात चालूच असायचे. मी एकदा आपाला म्हटलं होतं, अम्मी झोपून राह्यली बघ. आपा म्हणाली, उठवू नको, भाकरी बराबर होऊन राह्यली.

याला अपवाद एकच, शुक्रवार. जुम्मेरातच्या, म्हणजे गुरुवारच्या, रात्री अब्बा नवं पीठ मळत नसत. भट्टीत फक्त थोडा विस्तव राखून ठेवायचे आणि आठवड्यातली ती एकच रात्र घरात झोपायचे, सर्वांसारखे, अंधारात. शुक्रवारी सकाळी ते जागे असायचे आणि आम्हाला आवाज करायची मुभा असायची. आपा मुद्दाम ताटल्या आपटायची. आणि त्याच सकाळी आमच्याकडं संत्र्याचा पाव व्हायचा.

हा पाव म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझी नात सना हल्ली रविवारी तोच करते आणि त्याला फ्रेंच टोस्ट म्हणते. तिनं फोनमध्ये कुठंतरी पाहिलं. पावाचे काप, अंडं, दूध, साखर, संत्र्याच्या सालीचा कीस, आणि मग ते सगळं ओव्हनमध्ये. पहिल्यांदा केलं तेव्हा मी म्हटलं, अगं, हे तर आमच्या मंठ्याचं. ती म्हणाली, दादी, तुला सगळंच मंठ्याचं वाटतं. आणि टोस्ट म्हणजे तरी काय? आमच्याकडं टोस्ट म्हणजे कडक, चहात बुडवायचा, म्हाताऱ्यांच्या कवळीची परीक्षा घेणारा. सनाचा टोस्ट मऊ असतो. ती ताटली पुढं करते, मी एक घास घेते नि म्हणते, संत्रं छान उतरलंय. ती खूश होते आणि पुन्हा फोनकडं वळते.

अम्मीची रीत अशी. उरलेला पाव शिळा झाला की त्याचे जाड काप. दूध कोमट करून त्यात अंडी फेटायची, काप त्यात भिजवून तूप लावलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये एकावर एक कलते मांडायचे. संत्रं यायचं ते सालीच्या रूपानं. मोसंबी आमच्या भागात ढिगानं, पण मोसंबीची साल अम्मीला चालायची नाही, कडवट होते म्हणायची. संत्री बाहेरून यायची आणि गंगूमावशी दबलेली, डाग पडलेली संत्री आमच्यासाठी बाजूला काढायची. "भाभी, ही घ्या. जरा दबल्यात, पन साल बिलकुल चांगली हाय." आम्ही संत्री खायचो आणि साली अम्मी भट्टीच्या पाठीवर वाळत घालायची. भट्टीची पाठ म्हणजे आमच्या मागच्या खोलीची ओट्यासारखी पुढं आलेली भिंत, बाराही महिने कोमट. तिच्यावर साली वाळायच्या, थंडीत गोधड्या, पावसात आमचे शाळेचे कपडे, आणि एक मांजर कायमचं. वाळलेल्या साली साखरेबरोबर खलात कुटायचं काम माझं होतं. एकदा आपानं शहाणपणा करून सालीऐवजी संत्र्याचा रसच दुधात पिळला आणि दूध फाटलं. अम्मीनं त्यात गूळ घालून आम्हाला ते वाटीवाटी खायला लावलं आणि आपाच्या लग्नापर्यंत ती गोष्ट घरात सांगितली गेली.

ट्रे तयार झाला की अब्बा तो स्वतः भट्टीकडं न्यायचे. रात्रभर न पेटवलेल्या भट्टीत जी उतरती आच असते, ती या पावाला लागते. भडक आचेत वरून काळा, आतून कच्चा. अब्बा ट्रे आत सरकवायचे आणि भट्टीकडं पाठ करून पोत्यावर बसायचे. बघायचे नाहीत. भट्टीचं तोंड उघडून बघितलं की आच जाते, असं ते म्हणायचे. पाव झाला की नाही हे त्यांना वास सांगायचा. ईदच्या आणि दिवाळीच्या आधी सगळी गल्ली आपापल्या घरचं पीठ, तूप, साखर घेऊन नानकटाई भाजायला आमच्याकडं यायची. आपली कुठली ते कळावं म्हणून कुणी नानकटाईवर लवंग खोचायचं, कुणी चारोळी. अब्बांना त्या खुणा लागायच्या नाहीत. पाठ करूनच म्हणायचे, ही वेलचीवाली झाली, काढ. ती डालड्याची, तिला अजून टाइम हाय. डालडा घालून तूप सांगणाऱ्या बायका तेव्हा इकडंतिकडं बघायच्या.

भट्टीवर त्यांच्या मदतीला रशीदभाई होता, अब्बांच्या तीर्थपुरीच्या बहिणीचा मुलगा, चांगला लग्न झालेला माणूस. त्याला जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात काम लागलं आणि तो बायकोला घेऊन गेला. तो गेला आणि आमचा पाव बिघडायला लागला. एक दिवस पांढरा फटक, बोट लावलं की आत जायचा. दुसऱ्या दिवशी बुडाला काळा. हॉटेलवाल्यांनी निरोप पाठवले. गंगूमावशी तोंडावरच म्हणाली, "भाऊ, परवाचा पाव लई कडक झाल्ता. माह्या सासूनं फेकून मारला असता तर मी पडले असते." अब्बा हसले. लाकूड ओलं येऊन राह्यलंय, म्हणाले. अम्मीनं दुपारी जाऊन लाकडं बघितली. बाभळीची, खडखडीत वाळलेली.

मग एका शुक्रवारी अब्बा चुलीशेजारी बसून दाढी करत होते आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर दूध उतू गेलं. चुलीत पडलं, जळलं, घरभर तो करपट वास झाला. अम्मी अंगणातून धावत आली. अब्बा आरशात बघून गालावरून वस्तरा फिरवत होते. त्या हिवाळ्यात त्यांना मोठा ताप येऊन गेला होता आणि छाती त्यानंतर भरलेलीच असायची. पण नाकाचं काही असेल असं तोवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. अम्मीनं चूल पुसून काढली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. तो रागाचा नव्हता, हिशोब लागल्यासारखा होता.

पुढच्या शुक्रवारी मी नेहमीप्रमाणं खल घेऊन बसले. साल कुटली, साखर घातली, पुन्हा कुटली. अम्मीनं माझ्या हातातून खल काढून घेतला, त्यावर वाटी झाकली आणि वरच्या फळीवर ठेवला. मला वाटलं ती विसरली.

"अम्मी, साल ऱ्हायली."

"राहू दे. आज नको. आन् कुणाला सांगू नको."

तिनं कापांवर नुसती साखर भुरभुरली आणि ट्रे अब्बांच्या हातात दिला. अब्बा गेले. बऱ्याच वेळानं आले, ट्रेवर स्वच्छ फडकं घातलेलं. आम्ही जेवायची चादर, दस्तरखान, अंथरून बसलो होतो. फडकं काढलं आणि वाफ आली. दुधाची, अंड्याची, भाजलेल्या साखरेची. कडा जरा जास्तच लाल झाल्या होत्या. संत्रं नव्हतं. शुक्रवारची सकाळ आमच्यासाठी त्या एका वासाची असायची आणि तो नव्हता, हे आपाला पहिल्या क्षणीच कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी ताटाकडं बघितलं. अब्बांनी बिस्मिल्ला म्हणून घास घेतला, सावकाश चावला, मान डोलावली.

"आज संत्रं बराबर उतरलंय," म्हणाले.

आपानं काही बोलायला तोंड उघडलं आणि अम्मीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं अम्मी आता विषय बदलेल, आम्हाला बाहेर पाठवेल, काहीतरी करेल. ती उठली, फळीवरचा खल काढला आणि अब्बांच्या ताटाशेजारी ठेवून वरची वाटी उचलली. मला तर तिथं बसूनसुद्धा त्या सालीचा वास नाकात झोंबला.

"आजचं संत्रं ह्यात हाय," ती म्हणाली.

अब्बांनी खलात बघितलं. चिमूट घेतली, नाकाशी धरली, श्वास घेतला, पुन्हा घेतला. त्यांची छाती शिट्टीसारखी वाजायची, ती तेवढी ऐकू आली. मग चिमूट परत खलात टाकून त्यांनी बोटं लुंगीला पुसली आणि हातातला उरलेला पाव खाऊन संपवला. अन्न टाकायचं नाही, हे त्यांचंच म्हणणं होतं.

"कधीपासनं?" अम्मीनं विचारलं.

"तापानंतर."

"रशीदला माहीत होतं?"

"तोच तर सांगायचा. मामू, काढू का, म्हनला की मी समजायचो. पोरगा भला हाय. कुणाला बोलला न्हाई."

"आन् तुम्ही कामून बोलले न्हाईत?"

"बोलून काय करू? भट्टी इझवू?"

मला त्या दिवशी अम्मीचा फार राग आला. पोरींच्या समोर त्यांना असं उघडं पाडायची काय गरज होती? एकटं गाठून विचारता आलं असतं. तो राग मी बरीच वर्षं सांभाळला. स्वतःचा संसार झाल्यावर कळलं की एकटं गाठलं असतं तर ते लाकूड ओलं हाय म्हणून उठून गेले असते, आणि ती इतकी दमलेली होती की तिच्यात तेच पुन्हा विचारायचं बळ नव्हतं. आणखी एक कारण होतं. भट्टीत काय पेटलं, काय करपतंय, कपड्याला ठिणगी लागली का, हे ज्याला कळत नाही त्या माणसाला ती रोज रात्री एकट्याला विस्तवापुढं पाठवत होती. तिचा जीव पावासाठी टांगलेला नव्हता.

पण तेव्हा मी सातवी-आठवीतली पोर. मला एकच उपाय दिसला आणि मी तो लगेच सांगून टाकला. मी येते. मी वास सांगीन. आपा म्हणाली, तू झोपशील. मी म्हटलं, नाही झोपणार. अब्बा नको म्हणाले, अम्मी तर हातच जोडायला लागली, पण मी हट्टच धरला, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांकडंही दुसरा उपाय नव्हता. नवा कारागीर मिळेपर्यंत, असं ठरलं. कारागीर मिळायचा नाही. जो तो जालन्याला निघालेला.

मग पहिला पाव भट्टीत जायच्या सुमाराला, अंधारातच, अब्बा मला उठवायला लागले. मी गोधडी गुंडाळून पोत्यावर बसायची, भट्टीकडं पाठ करून, त्यांच्यासारखी. सुरुवातीला मला सारखंच वाटायचं की झाला, झाला. अब्बा म्हणायचे, जल्दी करू नको. आधी ओल्या पिठाचा वास येईल, मंग भाकरीसारखा, मंग थोडा गोड. गोड आला की बोल. मी शिकले. पाव पुन्हा बराबर निघायला लागला. गंगूमावशीनं माझी दृष्ट काढली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं, कारण आमच्या घरात थकणं हेच मोठ्या माणसाचं लक्षण होतं आणि आता मीही थकत होते. शाळेत पहिल्या तासाला माझं डोकं बाकावर पडायचं. बाईंनी घरी निरोप दिला, मी तो पोचवलाच नाही. डोळ्यांखाली काळं आलं. आपा माझ्या वाटणीची भांडी घासायला लागली, न भांडता, आणि तेच मला विचित्र वाटायचं.

अब्बा हे सगळं बघत असणार. पाव निघाला की मला उचलून घरात आणून ठेवायचे. मी चालू शकत असतानाही.

असाच एक शुक्रवार आला. आदल्या रात्री भट्टी बंद, म्हणजे मलाही पूर्ण झोप मिळालेली. संत्र्याचा पाव झाला. साल मीच कुटली होती, मीच भट्टीपाशी बसून 'काढा' म्हटलं होतं. दस्तरखानावर सगळे बसले. अब्बांनी आता नवी पद्धत धरली होती. स्वतः घास घ्यायच्या आधी ते मला विचारायचे, कसा झाला? मी सांगितलं की मग ते खायचे. त्या दिवशीही त्यांनी विचारलं.

"सांग बेटा, कसा झाला?"

मी उत्तर दिलं नाही. मला हे आठवत नाही, आपानं पुढं सांगितलं. मी बसल्या जागी झोपले होते. पाठ ताठ, घास हातात, अर्धा तोंडात. लाळ हनुवटीवरून ओघळत होती. आपाला हसू आलं, तिनं हात पुढं केला मला हलवायला, तर अब्बांनी तिचा हात धरला. पाव निवला. कुणी खाल्लं नाही. किती वेळ कोण जाणे, तिघं तसेच बसून राहिले आणि मी झोपले. मला आठवतं ते एवढंच, की डोळे उघडले तेव्हा अब्बा माझ्या तोंडातला घास बोटानं अलगद काढत होते आणि अम्मीला म्हणत होते,

"भट्टी जाऊ दे. आता ह्या घरात सगळ्यांनी रातीला झोपायचं."

अम्मी ओक्साबोक्शी रडली. इतके दिवस ती मनातून हेच मागत होती आणि आता रडत होती. अब्बांच्या अब्बांनी ती भट्टी बांधली होती आणि तेव्हापासून ती एकदाही थंड झाली नव्हती, घरात मयत झाली तेव्हासुद्धा कुणीतरी येऊन दोन लाकडं टाकून जायचं. अब्बा मात्र शांत होते. नमाजला जाऊन आले, जेवले आणि दुपारी सांगून टाकलं, उद्यापासून पाव न्हाई.

भट्टी एकदम थंड होत नाही. तिच्या फरशीखाली वाळू, मीठ, फुटक्या काचा असं काय काय भरलेलं असतं, ते आच धरून ठेवतं. अब्बांनी विस्तव ओढून काढला, तोंडावर पत्रा लावला, आणि मग दोन-चार दिवस आमच्या घरात एक वेगळंच पर्व चाललं. पहिल्या दिवशी गल्लीतल्या बायका नानकटाईचं पीठ घेऊन आल्या. ना ईद, ना दिवाळी, पण आल्या. आच जरा उतरल्यावर गंगूमावशीनं शेंगा आणल्या भाजायला. "भाऊ, पुन्हा अशा शेंगा कुठं भेटनार," म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं. मग तिनंच मिरच्याही वाळवल्या, कुणी लहान बाळाची दुपटी ऊब द्यायला ठेवली. मांजर भट्टीच्या पाठीवरून उठून आत तोंडाशी येऊन बसलं. अब्बा पोत्यावर बसून सगळ्यांशी बोलत होते, पाहुणे आल्यासारखे. मी शाळेत जात होते आणि पहिल्या तासाला जागी राहत होते.

शेवटी जी आच उरली, ती अम्मीनं घरासाठी मागून घेतली. शुक्रवार नव्हता. पाव आमचा शेवटचा, शिळा झालेला. तिनं काप केले, दूध-अंड्यात भिजवले, आणि साल मी कुटत होते तेव्हा म्हणाली, अजून घे. मी अजून घेतली. अजून. भट्टीच्या पाठीवर जेवढ्या साली होत्या तेवढ्या सगळ्या त्या पावात गेल्या, कारण नव्या साली आता तिथं वाळणार नव्हत्या. सकाळी आत ठेवलेला ट्रे दुपारच्या नमाजानंतर काढला. त्या आचेला पाव लाल होत नाही. पिवळा, मऊ, थरथरता, पण शिजलेला. अब्बांनी ट्रेवरचं फडकं काढलं, पाव हात लावून बघितला आणि मला जवळ बसवलं.

"सांग."

"संत्र्याचा येतोय."

"ते माहीत हाय. बराबर सांग."

मी नाक ट्रेजवळ नेलं. आधी संत्रं, साल नखानं दाबल्यावर उडतं तसं. मग दूध. मग थोडासा धूर, जुना, भिंतींमधला. मग मिरचीचा ठसका, परवाच्या मिरच्यांचा. शेंगांच्या टरफलांचा. मी एकेक सांगत गेले आणि अब्बा डोळे मिटून ऐकत राहिले. मधेच म्हणाले, मिरची कोनाची? मी म्हटलं, गंगूमावशीची. ते म्हणाले, मंग तिखटच आसल. आणि मग त्यांनी घास घेतला.

त्यानंतर अब्बांनी बेकरीच्या पुढच्या भागात चहाचं हॉटेल टाकलं, पाव जालन्याहून यायचा. रात्री झोपायला ते शेवटपर्यंत शिकले नाहीत. अंथरुणावर बसून राहायचे. पण अम्मी झोपली. ती इतकी झोपली की आपा घाबरून तिच्या नाकापुढं हात धरून बघायची. आणि मी शिकले, शिकवलं, निवृत्त झाले, आणि आता जालन्यात मुलाच्या घरी राहते, तिथं सना ओव्हन लावते, तो टिंग वाजतो आणि दार उघडल्यावर पाच मिनिटांत गार होतो.

मागच्या थंडीत मला ताप येऊन गेला. तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. मुलाला सांगितलं नाही, सुनेला सांगितलं नाही. या वयात एकेक गोष्ट जातच असते, प्रत्येक वेळी सगळ्यांना कशाला उठवून बसवायचं. रविवारी सनाची ताटली आली की मी घास घ्यायची आणि म्हणायची, संत्रं छान उतरलंय. जिभेला गोड कळतं, मऊ कळतं, पुढचं काही कळत नाही.

हे प्रकरण लिहीत होते त्या आठवड्यातल्या रविवारी ती पुन्हा ताटली घेऊन आली. मी घास तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. म्हटलं, सना, मला वास येत नाही गं. थंडीपासून. तिनं फोन बाजूला ठेवला.

"मग इतके दिवस संत्रं छान उतरलंय, संत्रं छान उतरलंय, असं का म्हणायचीस?"

"तू केलंस म्हणून," मी म्हटलं.

त्या शुक्रवारी दस्तरखानावर अम्मीनं अब्बांना विचारलं होतं, कधीपासनं. विचारलं होतं, रशीदला माहीत होतं का, आणि तुम्ही कामून बोलले न्हाईत. पण संत्रं बराबर उतरलंय असं ते का म्हणाले, हे एवढं मात्र आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.